चौथा पाय

हेल्लेवोग बंदराच्या धक्क्यावरचा वजनकाटा मी बावीस वर्षं चालवला. चालवला म्हणायचं ते बोलण्यापुरतं. तो चालायचा स्वतःचा स्वतः. मी काचेमागे कॉफी घेऊन बसायचो आणि त्याच्याकडे बघत राहायचो.

आमच्या डोंगरातून डोलोमाईटचा पांढरा दगड निघतो. फुटून मुठीएवढा झाला की बोगद्यातल्या पट्ट्यावरून तो थेट समुद्राकाठी येतो. तिथे काटाघर होतं. वर साठवणीची टाकी आणि तिच्याखाली काट्याचा हॉपर, म्हणजे दुमजली घराएवढं लोखंडी नरसाळं, चार पायांवर उभं. वरचं दार उघडलं की दगड धबधब्यासारखा कोसळायचा. दहा टन भरत आले की दार अर्धं मिटायचं, धार बारीक व्हायची आणि नेमक्या क्षणी दार पुरतं बंद व्हायचं. दारातून सुटलेला पण अजून खाली न पोचलेला दगडही त्या यंत्रानं जमेस धरलेला असायचा. मग क्षणभर सगळं स्तब्ध. काटा वजन घ्यायचा. खालचं दार उघडायचं, दगड जहाजाकडे निघायचा आणि रिकामा झालेला हॉपर पुन्हा स्वतःचं वजन करायचा, कारण आतल्या भिंतींना मूठभर भुकटी चिकटून राहिली असेल तर तीही वजा व्हायला हवी. पंचेचाळीस सेकंदांत एक खेप. बावीस वर्षांत अशा किती खेपा माझ्या डोळ्यांदेखत गेल्या सांगता येणार नाही. पण दार मिटल्यानंतरची ती स्तब्धता आली की माझाही श्वास आपोआप थांबायचा. ते कधी गेलं नाही.

वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, सुनिवा यायची. काटे तपासणाऱ्या कंपनीत होती. किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या बंदरांतले काटे तिच्याकडे. पंचेचाळिशीची, बुटकी, खांद्यानं दणकट, कारण वीस किलोची लोखंडी वजनं ती स्वतः उचलायची. बोलायची कमी, पण बोलली की लागायचं.

त्या एप्रिलमध्ये ती गुरुवारी सकाळी आली. धक्क्याला एक डच जहाज लागलेलं होतं. आदल्या दिवशी आम्ही त्यात तीन हजार आठशे टन भरले होते आणि तेवढेच भरायचे बाकी होते. तिची तपासणी होईपर्यंत भरणं थांबवलं होतं.

“कॉफी आहे की तुझं ते डांबर?” आल्या आल्या तिनं विचारलं.

“डांबरच आहे. पण ताजं.”

“दे. आणि तो पट्टा बंद ठेव, मला तुझ्या दगडाखाली मरायचं नाही.”

दीड तास ती वजनं टांगत होती आणि उतरवत होती. काटा चोख निघाला. दोन टन टांगले तर दोन टन दाखवत होता, इकडचा किलो तिकडे नाही. कागदावर सही करायची तेवढी राहिली होती. पण सुनिवाची एक सवय होती. निघण्याआधी ती पडद्यावरचं एक पान उघडायची. ते पान मी बावीस वर्षांत कधी उघडलं नव्हतं, कारण माझ्या कामाचं नव्हतं. त्यावर चार पायांचे चार आकडे वेगवेगळे दिसायचे.

प्रत्येक पायाखाली एक पोलादी ठोकळा होता, मनगटाएवढा जाड. वजन पडलं की तो दबतो, डोळ्याला कधीच दिसणार नाही इतका. त्याच्या अंगावर चिकटवलेली बारीक तार ते दबणं ओळखते आणि आत कळवते. चारही ठोकळ्यांनी कळवलेल्याची बेरीज म्हणजे वजन. मला नेहमी बेरीज दिसायची. सुनिवाला चौघं वेगवेगळे दिसत होते.

तिनं चारही आकडे वहीतल्या आकड्यांशी ताडले. मग म्हणाली, “एलर्ट, इकडे ये जरा.”

रिकाम्या हॉपरचं वजन सहा हजार किलो. ऑक्टोबरमध्ये तिनं पायांखाली पातळ पत्र्या घालून चारही पायांवर दीड-दीड हजार बसवले होते. तिच्या वहीत ते होतं. आता पडद्यावर पहिल्या आणि तिसऱ्या पायावर सतराशे वीस होते आणि दुसऱ्या, चौथ्यावर बाराशे ऐंशी.

“बेरीज?” मी विचारलं.

“सहा हजार. चोख.”

“मग झालं तर.”

“तुझ्या घरी टेबल आहे ना चार पायांचं? एका पायाखालची जमीन खचली तर काय होतं?”

“डुगडुगतं.”

“डुगडुगायच्या आधी काय होतं?”

तिनं वहीच्या पानावर चौकोन काढला. एक कोपरा खाली गेला की त्याच्यावरचा आणि त्याच्या समोरच्या तिरप्या कोपऱ्यावरचा भार हलका होतो, आणि उरलेले दोघं तो उचलतात. टेबलाचं एकूण वजन तेच राहतं. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

“म्हणजे कुठला पाय खचलाय?”

“दुसरा किंवा चौथा. दुसरा डोंगराच्या बाजूला, खाली खडक आहे. चौथा समुद्राच्या बाजूला.”

आम्ही खाली गेलो. चौथ्या पायाशी तिनं टॉर्च मारला. काँक्रीटला तडा नाही, बोल्ट घट्ट, गंज नाही. मी तर म्हणणार होतो की काहीतरी बिघडलंय तुझ्या तारेत. तेवढ्यात तिनं पिशवीतून छोटा जॅक काढला, पाय उचलला न उचलला असा केला आणि त्याच्याखाली एक पत्री सरकवली. इतकी पातळ की फुंकरीनं उडावी.

“मिलिमीटरचा दहावा भाग,” ती म्हणाली. “वर जा आणि आकडा ओरड.”

मी जिना चढून वर गेलो. चौथ्या पायावर तेराशे आले होते. त्या पत्रीनं वीस किलो हलवले होते. दोन केस एकावर एक ठेवावेत एवढी तिची जाडी, आणि सहा टनांच्या त्या धुडाला ती कळली होती! मी आकडा खाली ओरडलो.

पत्री काढून ती वर आली तेव्हा चौथ्या पायावर बाराशे ऐंशी नव्हते. बाराशे एकाहत्तर होते.

सुनिवा खुर्चीत बसली. दहा मिनिटं आम्ही दोघं नुसते त्या आकड्याकडे बघत होतो. बाराशे सत्तर. मग एकोणसत्तर.

“काही बिघडलं नाहीये,” ती हळू आवाजात म्हणाली. “हलतंय.”

त्या यंत्राच्या पोटात सगळं साठवून ठेवलेलं असतं हे मला त्या दिवशी कळलं. हॉपर रिकामा असताना दर पाच मिनिटांनी ते चारही पायांचे आकडे टिपून ठेवत होतं, दिवसा, रात्री, नाताळात, मी घरी झोपलेला असताना. सुनिवानं आपला लॅपटॉप जोडला, ऑक्टोबरपासूनचे सगळे चौथ्या पायाचे आकडे बाहेर काढले आणि त्यांची रेघ काढली.

रेघ हळूहळू उतरत होती, सावकाश, सहा महिने. पण सरळ नव्हती. तिच्यावर बारीक बारीक लाटा होत्या, एकसारख्या. सुनिवा कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे बघत होती. “गरमी-थंडीनं असं होतं,” ती म्हणाली, “पण मग दिवसाला एक लाट असती. या दोन आहेत. आणि रोज थोड्या उशिरानं येतायत.”

माझे वडील कोळी होते. मी चालायच्या आधी होडीत बसलो असेन. त्या लाटांची चाल माझ्या ओळखीची होती. मी खिशातून भरती-ओहोटीचं पुस्तक काढलं. आमच्याकडे ते प्रत्येकाच्या खिशात असतं. त्यातला मार्चमधला एक दिवस काढला आणि पडद्याशेजारी धरला.

“ही ओहोटी बघ. सकाळी सहा दहा. तुझी रेघ कुठे आहे सहा दहाला?”

“खाली. अगदी तळाला.”

“आता बारा वीस. भरती.”

“वर.”

आम्ही दिवसामागून दिवस ताडून बघितले. प्रत्येक लाट जुळत होती. इतकंच नाही, पंधरा-पंधरा दिवसांनी लाटा मोठ्या होत होत्या, अमावस्येला आणि पौर्णिमेला, उधाण येतं तेव्हा. दगड मोजण्यासाठी बसवलेला आमचा काटा सहा महिने गुपचूप चंद्र मोजत होता! पाणी चढलं की धक्क्याच्या पोटाला टेका मिळायचा आणि जमीन केसभर वर यायची. पाणी उतरलं की टेका जायचा, जमीन केसभर खाली. खाडीचं ते श्वास घेणं पायाखाली चाललं होतं आणि आमच्यापैकी कुणालाही ते कधी जाणवलं नव्हतं. मी त्या जमिनीवर बावीस वर्षं चाललो होतो.

“सुंदर आहे,” मी म्हणालो. खरंच म्हणालो.

“शेवटचे चार दिवस बघ,” सुनिवा म्हणाली.

सोमवारपर्यंत रेघ प्रत्येक ओहोटीला खाली जाऊन भरतीला जवळजवळ परत येत होती. सोमवारनंतर ती परत येत नव्हती. ओहोटीला उतरायची, भरतीला तिथेच थांबायची आणि पुढच्या ओहोटीला आणखी उतरायची.

“आजची ओहोटी किती वाजता?”

मला पुस्तक बघायची गरज नव्हती. काल अमावस्या होती. “दोन चाळीस. वर्षातलं सगळ्यात खालचं पाणी.”

तेव्हा साडेअकरा वाजले होते.

हालवार आमचा धक्क्याचा प्रमुख. उंच, गोरा, नेहमी घाईत, माणूस मात्र मनानं सरळ. तो जिना चढून आला तो तोंड उघडूनच. “सही झाली का? कप्तान माझं डोकं खातोय.”

सुनिवानं त्याला रेघ दाखवली. सगळं सांगितलं. तो उभ्यानंच ऐकत होता.

“थांब,” तो म्हणाला. “एक मिलिमीटर?”

“एक मिलिमीटर आणि वर थोडं.”

“सुनिवा, माझ्या घराचा जिना दरवर्षी एक इंच खचतो. मी काय गाव रिकामं करतो?”

“तुझा जिना चंद्राबरोबर वरखाली होतो का?”

“तू काटेवाली आहेस की ज्योतिषी?”

“काटेवाली आहे म्हणूनच सांगतेय. माझ्या काट्याला जमीन लागते. इथे जमीन नाहीये.”

हालवार खिडकीशी गेला. खिडकीतून धक्क्याच्या कडेचा ढीग दिसत होता. मार्चमध्ये वादळामुळे दोन जहाजं आली नव्हती. डोंगरातून दगड तर येतच होता, म्हणून काटाघराच्या पलीकडे समुद्राच्या अगदी काठावर तो रचला होता. पंधरा हजार टन, पांढराशुभ्र, चर्चहून उंच. तिथे रचायला हालवारनंच सांगितलं होतं. वर डोंगरावर बर्फ वितळायला लागलं होतं आणि ते सगळं पाणी जमिनीखालून समुद्राकडे निघालं होतं. हे सगळं आम्हा तिघांनाही माहीत होतं, फक्त एकत्र कधी मांडलं नव्हतं.

त्यानं वळून पडद्याकडे बघितलं. चौथ्या पायावर बाराशे चाळीस होते. तो बघत असतानाच बाराशे एकोणचाळीस झाले.

“इंगेरिदला फोन लाव,” तो म्हणाला.

इंगेरिद शहरात असते, तिचं कामच जमिनीचं. पूर्वी आमच्या रस्त्यासाठी तिनं मातीचे नमुने काढले होते. हालवारनं फोन टेबलावर ठेवला, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू यावं. सुनिवानं तिला आकडे वाचून दाखवले.

“हे कशानं मोजलंत?” इंगेरिदनं विचारलं.

“काट्यानं. दगडाच्या.”

“देवा!” ती म्हणाली. मग एका दमात, “ऐका. तुमच्या धक्क्याखाली जुनी समुद्री चिकणमाती आहे. हात लावेपर्यंत ती दगडासारखी. एकदा मोडली की ताक. किनाऱ्यावर घसरण सुरू झाली की ती मागे मागे जमीन खात जाते, आणि ती थांबवता येत नाही. जहाज काढा. ढिगाला हात लावू नका, गाड्या चालवू नका, काहीही हलवू नका. माणसं वर खडकावर न्या. रस्ता बंद करा. मी पोलिसांना कळवते.”

“किती वेळ आहे?” हालवारनं विचारलं.

“तुझ्याकडे वेळ सांगणारं यंत्र आहे, हालवार. माझ्याकडे नाही.”

त्यानंतर हालवारनं जे केलं त्याबद्दल मी त्याला आयुष्यभर मानीन. एक क्षण तो घुटमळला नाही. रेडिओ उचलला आणि डच कप्तानाला सांगितलं, दोर सोड.

“अर्धंच जहाज भरलंय,” कप्तान ओरडला. “मी असं कुठे जाऊ?”

“समुद्रात जा. तिथे जागा बरीच आहे.”

“मला कारण हवंय!”

“माझा धक्काच समुद्रात चाललाय,” हालवार म्हणाला. “तुझ्याआधी पोचायला नको.”

कप्तान शिव्या देत होता, पण दोर सुटत होते. पाऊणला जहाज खाडीच्या मध्यावर गेलं. खाणीतली माणसं बोगद्याच्या वरच्या तोंडाशी थांबवली. किनाऱ्यालगत तीन घरं होती. त्यांतली दोन उन्हाळ्यापुरती, रिकामी. तिसऱ्यात आस्लॉग, चौऱ्याऐंशी वर्षांची, जन्मभर फेरीबोटीवर स्वयंपाकीण होती. तिला आणायला मी गेलो.

“जमीन चाललीय? कुठे?” तिनं विचारलं.

“समुद्रात, आस्लॉग. चल लवकर.”

“कोण म्हणतं?”

“काटा म्हणतो.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सकाळपासून प्यायलोय. मग चुलीखालची आच बंद केली, थर्मास घेतला, मांजर काखोटीला मारलं आणि निघाली. “तुझा बाप हसला असता तुला,” ती चढावर म्हणाली. “पण आला असता बरोबर.”

वर चर्चच्या मागे उघडा खडक आहे. तिथे आम्ही सगळे जमलो, चाळीस-पन्नास माणसं. ऊन पडलं होतं. खाली सगळं नेहमीसारखं होतं. काटाघर, पांढरा ढीग, सपाट निळं पाणी. सीगल ढिगावर बसले होते. कुणीतरी म्हणालं, सुट्टी बरी मिळाली. आणि हशा झाला, कारण खरंच काही होत नव्हतं.

सुनिवा खडकावर मांडी घालून बसली होती, लॅपटॉप मांडीवर. काटाघरातली वीज आम्ही चालू ठेवली होती आणि काटा अजून बिनतारी तिला आकडे पाठवत होता. खाली एकही माणूस नाही, एकही दगड पडत नाही, आणि तो रिकामा हॉपर दर सेकंदाला मुकाट्यानं आपलं वजन करत होता. हालवार आणि मी तिच्या मागे उभे राहिलो.

एक वाजता चौथ्या पायावर अकराशे होते. दीडला हजार दहा. दोनला साडेआठशे. पाणी खाली खाली जात होतं, कधी न दिसणारे शेवाळाचे दगड उघडे पडत होते. सव्वादोनला सहाशे.

“बेरीज?” हालवारनं विचारलं.

“सहा हजार,” सुनिवा म्हणाली. “सहा हजार, सहा हजार, सहा हजार.”

ती ते ज्या स्वरात म्हणाली तो मी विसरू शकत नाही. पायाखालचं जग सरकत होतं आणि ते यंत्र एका किलोचीही चूक करत नव्हतं.

दोन चोवीसला चौथ्या पायावर आणि दुसऱ्या पायावर शून्य आलं. सहा टनांचा हॉपर दोनच पायांवर उभा होता, प्रत्येकी तीन हजार. तो तसा तीन मिनिटं उभा राहिला. मग सगळे आकडे एकदम पळायला लागले आणि पडद्यावर चार आडव्या रेघा आल्या.

“गेलं,” सुनिवा म्हणाली.

आम्ही वर बघितलं. सीगल उडाले होते. मग आधी ढीग हलला. कोसळला नाही. पांढरा डोंगर जसाच्या तसा, उभाच्या उभा, जहाज निघावं तसा समुद्राकडे निघाला. काटाघर त्याच्याबरोबर निघालं, सरळ, एकही काच न फुटता. आवाज नव्हता! तो नंतर आला, खडकातून, आधी तळपायांना आणि मग कानांना. पाणी मागे हटलं आणि खाडीचा काळा तळ दिसला. मग ढीग त्यात शिरला आणि पाणी उभं राहिलं.

त्यामागून जमीन यायला लागली. गवत, कुंपण, रस्त्याचे तुकडे, त्यांच्याखालची करडी माती, आणि ती माती वाहत होती. इंगेरिदनं ताक म्हटलं होतं, ते मला शब्द वाटले होते. ती खरोखर ताकासारखी वाहत होती, आणि त्यावर गवताचे मोठमोठे तुकडे तरंगत फिरत होते. कड मागे मागे येत होती, आमच्याकडे, घास घेतल्यासारखी. उन्हाळी घरं गेली. आस्लॉगचं घर वळलं, आपली पाठ आम्हाला दाखवली आणि गेलं. कड चढावाच्या पायथ्याशी खडकाला लागली आणि थांबली.

सगळं मिळून चार मिनिटं. कुणी ओरडलं नाही. खाडीच्या मध्यावर डच जहाज लाटेवर चढलं, उतरलं, पुन्हा चढलं आणि मग त्यानं भोंगा वाजवला, लांबलचक. का वाजवला माहीत नाही. कप्तानानं नंतर सांगितलं, हात आपोआप गेला.

आस्लॉगनं थर्मासचं झाकण काढलं, त्यात कॉफी ओतली आणि सुनिवाच्या हातात दिली. “घे गं बाई,” ती म्हणाली. “सकाळपासून उपाशीच असशील.” सुनिवानं लॅपटॉप मिटला आणि झाकण तोंडाला लावलं.

आमच्यातलं एकही माणूस कमी झालं नाही. मांजरसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात गावाच्या सभागृहात बैठक झाली. बायकांनी वॅफल केले होते, तपकिरी चीज होतं, आणि कुणाला भूक नव्हती. शहरातून आलेली इंगेरिद नकाशा लावून समजावत होती. ती संपवून बसायच्या आत हालवार उठला. त्याला कुणी उठायला सांगितलं नव्हतं.

“तो ढीग काठावर लावायला मी सांगितलं होतं,” तो म्हणाला. “कुणाला विचारलं नाही. सोय होती म्हणून लावला. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.”

मग पहिल्या रांगेतून आस्लॉग म्हणाली, “माझं घर गेलं त्यात.”

“माहीत आहे मला.”

“छप्पर गळत होतं,” ती म्हणाली. “खाली बस आता. कॉफी निवतेय.”

तो बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बैठक संपेपर्यंत तो तसाच ठेवला. आस्लॉगला पुढे कंपनीनं वर खडकावर घर बांधून दिलं. हालवारनं काम सोडलं नाही, पण आता कुठेही एक ट्रक दगड टाकायचा असला तरी तो आधी इंगेरिदला फोन करतो. ती वैतागते, म्हणते लग्न केलं असतं तर इतकं बोलावं लागलं नसतं.

जूनमध्ये तळाची पाहणी करणारी बोट आली. ध्वनीच्या लहरींनी समुद्राचा तळ चितारतात तशी. सुनिवा मुद्दाम रजा काढून आली आणि हालवारसह आम्ही तिघंही बोटीवर गेलो. खाडी आरशासारखी होती. खाली ब्याण्णव मीटरांवर चिखलाचे पंख्यासारखे पट्टे पसरलेले दिसत होते, मैलभर लांब, आणि त्यांत मधेमधे पांढऱ्या दगडाचे ठिपके. मग पडद्यावर एक चौकोन आला. बोटवाल्यानं बोट थांबवली, कॅमेरा खाली सोडला.

काटाघर तळावर उभं होतं. भिंती गेल्या होत्या, पण सांगाडा उभा होता आणि सांगाड्यात हॉपर, कललेला नाही, वाकलेला नाही. वरचं दार उघडं होतं. त्यातून कॉड माशांचा थवा आत शिरत होता आणि खालच्या दारानं बाहेर पडत होता, सावकाश, एकामागून एक.

बोटवाला इंजिन सुरू करायला हात पुढे करून तसाच थांबला होता.

“पाच मिनिटं,” हालवार त्याला म्हणाला. “अजून पाच मिनिटं राहू दे.”